खंड्याच्या पायाची उजळणी

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाचा हात किंवा पाय कधी प्लॅस्टरमध्ये होता का? वर्गात हा प्रश्न विचारला की दोन-तीन हात तरी हमखास वर होतात. कुणी चिंचेच्या झाडावरून पडलेलं असतं, कुणी सायकलवरून. प्लॅस्टर असेपर्यंत तशी मजाच असते. मित्र त्यावर नावं लिहितात, गृहपाठ चुकतो, आई जवळ बसून भरवते. पण प्लॅस्टर काढल्यावर? आतून निघालेला हात आपला वाटतच नाही! काडीसारखा बारीक झालेला, आणि कोपर तर सरळच होत नाही. मग डॉक्टर म्हणतात, "आता रोज व्यायाम करायचा." तुम्ही कुरकुरत का होईना, हात वाकवता, सरळ करता, आणि हळूहळू तो हात पुन्हा चेंडू फेकायला लागतो.

आता मला सांगा, हाड मोडलेला तो मुलगा नसून कुत्रा असेल तर? त्याला कोण समजावणार, की बाबा रे, थोडं दुखलं तरी पाय वाकव?

मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला खंड्यामुळे.

पटावर नाव नसलेला विद्यार्थी

खंड्या आमच्या शाळेचा. पटावर त्याचं नाव नाही, पण हजेरी मात्र रोजची. खिचडी शिजायला लागली की स्वारी स्वयंपाकघराच्या दाराशी हजर! पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनीच त्याला लहानाचा मोठा केला. सात-आठ महिन्यांचा असेल, तेव्हा एक दिवस फाटकाशी मागे येणाऱ्या टेम्पोखाली त्याचा डावा मागचा पाय सापडला. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं.

आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. जिल्ह्याच्या गावी नेऊन शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी हाडात सळई घातली आणि चौथ्या दिवशी खंड्या परत आला. शाळेच्या भिंतीला लागूनच मावशींचं घर आहे. त्यांच्या पडवीत त्याची गादी पडली. मुलं तर आनंदाने नाचायचीच बाकी होती.

निघताना डॉक्टरांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. रोज तीनदा खंड्याचा गुडघा हाताने हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा. कसा, तेही करून दाखवलं होतं. मी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी पायाला हात लावला, तर खंड्या असा कळवळला की माझा धीरच झाला नाही. मी मावशींना म्हटलं, "राहू दे आठ-दहा दिवस. बिचाऱ्याला विश्रांतीच बरी."

मुलांनो, ती माझी चूक होती, आणि ती चूक खंड्याला फार महागात पडणार होती.

बाराव्या दिवशी टाके काढायला गेलो. डॉक्टरांनी शिंप्याकडे असते तशी टेप घेतली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. चांगली मांडी २८ सेंटिमीटर, दुखरी २३! मग त्यांनी गुडघा वाकवून पाहिला. तो जेमतेम हलला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हाड छान जुळतंय. पण असंच चाललं तर हाड जुळेल आणि पाय जाईल."

पायाची काठी कशी होते?

हाड जुळतंय म्हणजे सगळं ठीक, असं आपल्याला वाटतं. पण पाय म्हणजे नुसतं हाड नव्हे. हाडाला हलवतात ते स्नायू. आणि शरीर मोठं काटकसरी असतं! जो स्नायू कामच करत नाही, त्याला ते कशाला पोसेल? वापर थांबला की थोड्याच दिवसांत स्नायू रोडावू लागतो. खंड्याची मांडी पाच सेंटिमीटरने उगाच नव्हती झडली.

सांध्याचंही तसंच. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कुठून मिळतं? सांध्यातल्या चिकट द्रवातून. आपण सांधा हलवतो, वजन टाकतो, तेव्हा कूर्चा ओल्या स्पंजासारखी दाबली जाते आणि पुन्हा फुगते. त्याबरोबर द्रव आतबाहेर होतो. सांधा हललाच नाही, तर स्पंज पिळणार कोण?

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. हाड जुळताना आजूबाजूला चिवट, धागेदार ऊती तयार होते. लहान वयाच्या कुत्र्यात ती भराभर होते. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू त्या दिवसांत हलता राहिला नाही, तर तो हाडालाच चिकटून बसतो. मग गुडघा वाकत नाही. पाय काठीसारखा सरळ राहतो. ही काठी एकदा पक्की झाली, की पुन्हा शस्त्रक्रिया करूनही पाय पूर्वीसारखा होईलच असं नाही. काही वेळा तो पाय कापून टाकण्याचीही पाळी येते.

हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. मी दया दाखवत होते आणि तिकडे पाय आखडत होता.

"अजून वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दुखणं कमी करणारं औषध बदलून दिलं, कारण नुसता जोर करून उपयोग नसतो. दुखायला लागलं की जनावर स्नायू आवळून धरतं आणि सांधा आणखीच घट्ट होतो. म्हणून आधी दुखणं कमी करायचं, मग व्यायाम. आणि जिथे खंड्या मान वळवून बघेल, अंग चोरेल, तिथे थांबायचं. तेवढीच आजची मजल!

दोन एके दोन, दोन दुणे चार

दुसऱ्या दिवसापासून आमची नवी शाळा भरली. प्रार्थनेआधी एकदा, मधल्या सुट्टीत एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा.

पहिल्यांदा कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं मांडीवर. उबेने स्नायू सैल पडतात. मग खंड्याला उजव्या कुशीवर निजवायचं. मावशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानामागे खाजवत बसायच्या. मी एक हात गुडघ्याच्या वर आणि एक खाली धरून पाय हळूच वाकवायची, क्षणभर थांबायची आणि सरळ करायची. शेवटी रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, म्हणजे सूज येत नाही.

मुलांना पायाला हात लावायची परवानगी नव्हती. जखमी जनावर कितीही ओळखीचं असलं तरी दुखलं की चावू शकतं. मग मुलांनी काय करायचं? मोजायचं! पण नुसतं एक-दोन-तीन मोजायला त्यांना कंटाळा यायला लागला. तेव्हा चौथीतल्या एका मुलीने तोडगा काढला. पाय एकदा वाकला की पाढ्याची एक ओळ म्हणायची. दोन एके दोन, दोन दुणे चार... वीस झाले की दहा वेळा वाकवून पुरा! सकाळी दोनचा पाढा, दुपारी तीनचा, संध्याकाळी चारचा. खंड्याच्या पायाची उजळणी, असंच नाव पडलं तिला. खंड्याचा गुडघा कितपत वाकला हे पुढे सांगेनच, पण दोघातिघांचे पाढे मात्र पक्के झाले!

डॉक्टरांकडे गुडघा मोजायला एक साधन होतं. तुमच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडल्या तर दिसेल तसं. एक पट्टी मांडीच्या हाडाच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत. मध्ये किती अंशांचा कोन झाला ते वाचायचं. दर खेपेला तो कोन वहीत लिहिला जाई. बघा, भूमितीचा उपयोग कुठे होतो ते!

हळू चालणंच अवघड

गुडघा थोडा सैल झाला, तशी पुढची पायरी आली. पाय जमिनीला टेकवायची.

इथे एक गंमत सांगते. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि मागच्या दोन पायांवर ४० टक्के. म्हणजे मागचा एक पाय उचलून धरला तरी कुत्र्याचं फारसं अडत नाही. तीन पायांवर उड्या मारत ते मजेत पळतं. आपण म्हणतो, "वा, पळायला लागला की!" पण तो चौथा पाय तर सुट्टीवरच असतो. त्याला कामाला लावायचं असेल, तर कुत्र्याला हळू चालवावं लागतं. जोरात पळताना पाय उचलून धरता येतो, पण अगदी संथ चालीत तोल सांभाळायला चारही पाय टेकावेच लागतात.

मुलांना हे पटवणं कठीण गेलं. त्यांना खंड्याला पळवायचं होतं! शेवटी पट्टा माझ्या हातात आणि मागे मुलांची रांग, अशी आमची मिरवणूक पटांगणात निघे. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. तिसऱ्या दिवशी डाव्या पायाची बोटं मातीला नुसती लागली. मातीत उमटलेला तो अर्धामुर्धा ठसा बघायला पोरांनी कोंडाळं केलं.

मग आले उठाबशांचे दिवस. उठाबशा म्हटल्यावर वर्गात हशा पिकला. "बाई, याने काय चूक केली?" पण ही शिक्षा नव्हती. खाली बसलेला कुत्रा सरळ उभा राहतो तेव्हा त्याच्या मांड्यांना पुरेपूर काम पडतं. तुम्ही पाठीवर दप्तर घेऊन मांडी घालून उठलात तर कळेल! म्हणून प्रत्येक उठाबशीला बिस्किटाचा एक छोटा तुकडा. सुरुवातीला पाच, मग दहा. खंड्या एवढा हुशार, की तो कुणी न सांगताच बसायला-उठायला लागला.

आणि शेवटी बांबूच्या काठ्या. सहा काठ्या जमिनीवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या मांडल्या, दोन्ही टोकांखाली एकेक वीट. त्यावरून चालताना प्रत्येक पाय उचलून, वाकवून पुढे टाकावा लागतो. घोड्यांना शिकवताना अशाच आडव्या दांड्या ठेवतात, तीच युक्ती कुत्र्यांच्या उपचारात आली.

दर शनिवारी मांडीचा घेर मोजायचा आणि आलेख कागदावर ठिपका द्यायचा, हे काम चौथीच्या वर्गाकडे. २३ चे साडेतेवीस झाले, साडेतेवीसचे २४. मग तीन शनिवार ठिपका तिथेच! मुलांचे चेहरे उतरले. खरं सांगते, माझाही उतरला होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "असं होतंच. आलेखाकडे नाही, खंड्याकडे बघा. गुडघा वाकतोय ना? मग चालू ठेवा." आम्ही चालू ठेवलं.

पाण्यात चालायचं यंत्र

आम्ही हे सगळं पडवीत आणि पटांगणात केलं. पण जनावरांच्या या उपचाराचं आता चांगलं शास्त्र झालेलं आहे. त्याला फिजिओथेरपी म्हणतात, मराठीत भौतिकोपचार.

माणसांच्या उपचारातूनच हे शास्त्र जनावरांकडे आलं. इंग्लंडात चार्ल्स स्ट्राँग नावाचे एक भौतिकोपचारतज्ज्ञ होते. ते स्नायूंना विजेचा अगदी सौम्य झटका देऊन त्यांचा व्यायाम करवत. पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड माउंटबॅटन यांच्यावर त्यांनी उपचार केले, तेव्हा हेच उपचार आपल्या घोड्यांवरही करा, असं माउंटबॅटन यांनी त्यांना सुचवलं. घोड्यांवर सुरू झालेलं हे काम पुढे कुत्र्या-मांजरांपर्यंत पोचलं. या विषयावर जनावरांच्या डॉक्टरांची आणि भौतिकोपचारतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद अमेरिकेत ऑरेगन राज्यात १९९९ साली भरली.

या उपचारातलं एक यंत्र तर तुम्हाला फारच आवडेल. व्यायामशाळेतला सरकता पट्टा तुम्ही पाहिला असेल. त्यावर माणूस चालतो, पण जागच्या जागीच राहतो. असा पट्टा काचेच्या मोठ्या पेटीत बसवायचा. कुत्र्याला आत उभं करायचं, दार लावायचं आणि पेटीत कोमट पाणी सोडायचं. मग पट्टा हळूहळू सुरू करायचा. कुत्रा पाण्यात चालतो आणि बाहेरून डॉक्टर काचेतून त्याचं प्रत्येक पाऊल बघतात.

पाणी कशाला? विहिरीत पोहताना आपण किती हलके होतो, ते आठवा. आर्किमिडीजने सांगितलेलं तेच तत्त्व इथे कामाला येतं. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. पाणी कुत्र्याच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर वजनाच्या ९१ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के, आणि कमरेच्या सांध्यापर्यंत भरलं तर फक्त ३८ टक्के! आता करा गणित. २० किलोच्या कुत्र्याच्या पायांना कमरेएवढ्या पाण्यात किती किलो भार पेलावा लागेल? ७.६ किलो. म्हणजे कोरड्या जमिनीवर उभंही राहू न शकणारा कुत्रा पाण्यात चालू लागतो. शिवाय पाणी पायाला अडवतं, त्यामुळे स्नायूंना ताकद लावावी लागते. भार कमी, कसरत जास्त! कुत्रा सुधारत जाईल तसं पाणी कमी कमी करत न्यायचं.

हे यंत्र महागडं असतं. सगळीकडे मिळत नाही. पण ते नाही म्हणून उपचारच नाही, असं मुळीच नाही. पाढे म्हणायला काही यंत्र लागत नाही!

पाठीचं दुखणं, मांजराची खोड आणि हत्तिणीचा पाय

सगळ्यांचा आजार खंड्यासारखा नसतो. डॅक्सहुंड कुत्रं पाहिलंय का तुम्ही? लांबलचक अंग, आखूड पाय. त्याचे पाय ज्या कारणाने आखूड राहतात, त्याच कारणाने त्याच्या मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात. एखादी चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला, की मागचे पाय एकदम लुळे पडतात. दर चार-पाच डॅक्सहुंडांपैकी एकाला आयुष्यात कधी तरी हा त्रास होतो. पण पायाची संवेदना शिल्लक असेल आणि शस्त्रक्रिया वेळेवर झाली, तर बहुतेक कुत्री पुन्हा चालू लागतात. तोवर घरच्यांनी त्याला मऊ अंथरुणावर ठेवायचं, दर काही तासांनी कूस बदलायची, पाय हलवत राहायचे आणि उभं करताना पोटाखालून ओढणी किंवा टॉवेल घालून आधार द्यायचा.

ज्यांची संवेदना गेलेली असते, त्यांचं काय? इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाने अशा ३४ पाळीव कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. सगळी निदान वर्षभर तरी लुळी होती. त्यांतल्या २३ कुत्र्यांच्या पाठीच्या कण्यात त्यांच्याच नाकातल्या पेशी सोडल्या, बाकीच्यांना नुसता द्रव टोचला. मग सगळ्यांना आधाराचे पट्टे बांधून सरकत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं. पेशी मिळालेल्या गटातली अनेक कुत्री मागचे पाय पुढच्या पायांच्या तालात टाकू लागली. त्यांत जास्पर नावाचा एक डॅक्सहुंडही होता. सगळं बरं झालं का? नाही. लघवीवरचा ताबा वगैरे बहुतेकांना परत मिळाला नाही. पण हरवलेलं पाऊल सापडू शकतं, एवढं मात्र दिसलं. आणि जी कुत्री नाहीच चालू शकत, त्यांच्यासाठी दोन चाकांची हलकी गाडी असते. मागचं अंग गाडीवर, पुढचे पाय जमिनीवर, आणि स्वारी फिरायला तयार!

मांजरांची तऱ्हा वेगळी. मांजराला "बस, ऊठ" म्हणून बघा! ढुंकूनही बघणार नाही. म्हणून त्याचा व्यायाम खेळातून करवून घेतात. दोरीला कागदाचा बोळा बांधून हळूहळू ओढायचा, किंवा खाण्याची वाटी एका बुटक्या पायरीवर ठेवायची. मांजर दुखणं लपवतं, हेही लक्षात ठेवा. नेहमीच्या फळीवर उडी मारणं बंद केलं, अंग चाटून साफ करणं सोडलं, तर समजायचं, काही तरी दुखतंय.

आणि थायलंडमधली मोशा हत्तीण? २००६ साली ती अवघी सात महिन्यांची असताना सीमेजवळच्या जंगलात तिचा पुढचा पाय भूसुरुंगावर पडला. लांपांग इथल्या हत्तींच्या रुग्णालयात ती राहिली. माणसांचे कृत्रिम पाय बनवणारे डॉक्टर थेर्दचाई जीवकाटे यांनी तिच्यासाठी पाय बनवला. कारण तीन पायांवर एवढा देह पेलताना कण्यावर आणि उरलेल्या पायांवर भलताच ताण पडतो. पुढच्या वर्षांत मोशाचं वजन तिपटीहून जास्त झालं. तुमचे बूट कसे दर वर्षी लहान होतात, तसा तिचा पायही पुन्हा पुन्हा नवा करावा लागला!

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, जनावराला दवाखान्यात नेलं, बिल भरलं, की आपली जबाबदारी संपली असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण शस्त्रक्रिया डॉक्टर एका दिवसात करतात. पुढचे दोन महिने घरच्यांचे असतात. कुठला व्यायाम, किती वेळा, केव्हा थांबायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा. मी नुसती मान डोलावली, तशी डोलावू नका. आपल्या मनाने मात्र काही सुरू करू नका, कारण प्रत्येक दुखापतीचा व्यायाम वेगळा असतो. मोडलेलं हाड जागेवर बसवण्याआधी पाय वाकवला तर नुकसानच होईल.

जवळचा गुरांचा दवाखाना विचारायला हरकत नाही. मोठा उपचार लागला, तर आपल्या राज्यात पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. मुंबईत परळचं महाविद्यालय तर १८८६ सालचं. शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही आहेत.

मुलांनो, हे लक्षात ठेवा

● जखमी जनावर दिसलं तर आधी मोठ्या माणसाला हाक मारा. एकट्याने उचलायला जाऊ नका.

● हलवायचं असेल तर सपाट फळी किंवा ताणून धरलेली चादर वापरायला सांगा. पाठ वाकू देऊ नका.

● कुत्रा किंवा मांजर चावलं, ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. घरी न सांगता लपवू नका. घरच्या जनावराला रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या.

● आपली औषधं जनावरांना कधीही देऊ नका. तापासाठी आपण घेतो ती पॅरासिटॅमॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात.

● गुळगुळीत फरशीवर दुखऱ्या पायाचं जनावर घसरतं. त्याच्या वाटेवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाका. म्हाताऱ्या कुत्र्यालाही याने फार बरं वाटतं.

● लाडाने जास्त खाऊ घालू नका. वाढलेलं प्रत्येक किलो वजन त्या दुखऱ्या सांध्यालाच उचलावं लागतं!

मग खंड्याचं काय झालं?

दोन महिन्यांनी सळई काढली, तेव्हा आमच्या आलेखावरचा ठिपका २६ वर होता. त्यानंतर तो २७ वर गेला आणि तिथेच राहिला. चांगल्या पायाएवढा तो कधीच झाला नाही. गुडघाही अगदी पूर्ण वाकत नाही. डॉक्टरांनी वहीत शेवटचा कोन लिहिला आणि म्हणाले, "पहिले बारा दिवस वाया गेले नसते तर आणखी वाकला असता. पण पाय वाचला, बाई."

आता खंड्या रोज खिचडीच्या वेळेला चार पायांवर चालत येतो. नीट बघितलं तर डावा पाय जरासा आखडता टाकतो. खारीच्या मागे सुसाट पळताना मात्र तो अजूनही तो पाय उचलून धरतो आणि तीन पायांवरच धावतो. मग चौथीतलं कुणी तरी खिडकीतून ओरडतं, "खंड्या, हळू! दोन एके दोन!"

तुमच्या घरी, गोठ्यात किंवा गल्लीत असा एखादा खंड्या असेल, तर त्याची उजळणी घ्यायला विसरणार नाही ना?